मशीनचा दांडा कुणाच्या हातात?



मागच्या महिन्यात आमच्या रेडिओ केंद्रावर भोर तालुक्यातल्या दोघी मायलेकी आल्या. आई बचत गटाची सचिव, लेक बारावी सायन्स झालेली. लेकीनं पुणे शहरातल्या एका क्लासची जाहिरात पाहिली होती. ‘सोनोग्राफी शिका, लगेच नोकरी’ असं काहीतरी लिहिलेलं होतं. आईनं गटातून कर्ज काढून फी भरली. वर्षभर शिकून झालं, कागद हातात आला, एका ठिकाणी काम मिळालं. आणि काम काय, तर पेशंटबाईला पलंगावर झोपवायचं, पोटाला जेली लावायची, नंतर पुसून द्यायची आणि फॉर्म भरायचे. मशीनला हात लावायचा नाही. मुलगी आम्हाला म्हणाली, “ताई, तो मशीनचा दांडा माझ्या हातात का देत नाहीत? मी शिकले आहे ना?”

आम्ही तिला तेव्हा पटकन एवढंच सांगितलं की कायद्यानं देता येत नाही. पण घरी जाताना आमच्या आमच्यातच बोलणं झालं, की हे उत्तर अर्धवट आहे. कायदा असा का आहे? इतर देशांत तर हे काम डॉक्टर नसलेल्या हजारो बाया करतात. मग आपल्याकडेच का नाही? त्याचा इतिहास आम्ही शोधून काढला, आणि आजच्या भागात तोच सांगणार आहोत. थोडा लांबचा आहे, पण तो आपल्याच पोटाचा इतिहास आहे.

आपल्या आज्यांच्या काळात पोटातलं बाळ बघायचं साधन म्हणजे सुईणीचा हात. बाळ आडवं आहे की पायाळू, हे ती हातानं चाचपून सांगायची. पण हाताला कळायचं तेवढंच कळायचं. अडलेली बाई दगावायची, आणि पुरुष डॉक्टरला पोट दाखवायचं नाही म्हणूनही दगावायची. १८८२ साली हंटर साहेबांचं शिक्षण आयोग पुण्याला आलं, तेव्हा पंडिता रमाबाईंनी त्यांच्यापुढे साक्ष दिली. बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, त्या नसल्यामुळे आमच्या बाया मरतात, असं त्यांनी मराठीत सांगितलं. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला होता. रमाबाईंचं वय तेव्हा पंचवीसच्या आतलं.

पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी बोटीत बसून अमेरिकेला निघाल्या. त्यांची कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण एक गोष्ट पुन्हा सांगतो. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं बीज तिथे पडलं. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूकही झाली होती. पण क्षयानं त्या खंगल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय वर्षं बावीससुद्धा पुरं नाही. कोल्हापूरच्या त्या खोलीत त्या कधी पोचल्याच नाहीत.

त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९०९ मध्ये, रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि विधवा, परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. परक्या माणसाचं अंग पुसायचं, बाळंतिणीचं करायचं, हे चांगल्या घरच्या बाईचं काम नाही अशी तेव्हाची समजूत. तरी बाया गेल्या. शिकून पगार घेऊन उभ्या राहिल्या. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचंही असंच. १९४४ साली डॉ. बानू कोयाजी तिथे आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचं बाळंतपणाचं रुग्णालय होतं. त्यांनी ते वाढवत नेलंच, शिवाय शिरूर तालुक्यात वढू इथे १९७७ मध्ये खेड्यांसाठी काम सुरू केलं आणि गावातल्याच लोकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. हे मुद्दाम सांगतोय. कारण ‘खेड्यातल्या बाईला हे जमणार नाही’ हे वाक्य पुण्यात आणि महाराष्ट्रात अनेकदा खोटं ठरलेलं आहे.

आता मशीनकडे येऊ या.

सोनोग्राफी म्हणजे आवाजानं बघणं. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. पोटाच्या सोनोग्राफीत सेकंदाला तीस-पस्तीस लाख कंपनांचा आवाज आत सोडतात. तो आतल्या अवयवांवर आपटून परत येतो, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन चित्र काढतं. विहिरीत हाक मारली की घुमून येते ना, तसंच. जेली कशाला लावतात? तर दांडा आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर आवाज तिथूनच मागे फिरतो, आत जातच नाही. एक्स-रेसारखे किरण यात नसतात. गटाच्या बैठकीत ‘फोटो काढला तर बाळाला त्रास होतो का’ असं आम्हाला नेहमी विचारतात, म्हणून हे सांगून ठेवलं.

गंमत अशी, की हे तंत्र आधी लोखंडासाठी होतं. जहाजं आणि बॉयलर बनवणारे कारखाने धातूत कुठे आत तडा आहे का, हे आवाजानं शोधत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयन डोनाल्ड नावाचे बायकांच्या आजारांचे डॉक्टर होते. १९५५ च्या जुलैमध्ये ते ऑपरेशन करून काढलेल्या गाठी मोटारीत घालून अशा एका बॉयलरच्या कारखान्यात घेऊन गेले आणि तिथल्या यंत्राखाली धरल्या. पाण्याची गाठ कुठली आणि मांसाची गाठ कुठली, ते यंत्रावर वेगळं दिसलं. मग एक बाई आली, पोट फुगलेली. जठराचा कॅन्सर आहे, आता उपाय नाही, असं तिला सांगितलेलं होतं. डोनाल्डनी यंत्र लावलं, तर अंडाशयाची मोठी पाण्याची गाठ निघाली. ऑपरेशननं ती काढली आणि बाई वाचली. १९५८ मध्ये डोनाल्ड, त्यांचे सहकारी मॅकव्हिकार आणि टॉम ब्राऊन हा इंजिनिअर यांनी हे सगळं छापून प्रसिद्ध केलं. तिथून सोनोग्राफी जगभर गेली. म्हणजे बघा, पहिलं काम काय केलं या मशीननं? मरणाच्या दारातून एक बाई परत आणली.

पुढे पाश्चात्त्य देशांत एक अडचण आली. डॉक्टर थोडे, पेशंट भरपूर. एकेका पेशंटला वीस मिनिटं, अर्धा तास दांडा फिरवत बसायचं कुणी? मग एक्स-रेच्या खात्यातल्या कामगार, नर्सबाया हे शिकल्या आणि तरबेज झाल्या. अमेरिकेत १९७३ साली सरकारनं हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्य केला. सोनोग्राफर हे त्याचं नाव. त्याचं रीतसर शिक्षण, परीक्षा, नोंदणी, सगळं असतं. शरीराची रचना, आवाजाचं शास्त्र, आणि शेकडो तास प्रत्यक्ष सराव. इंग्लंडमध्ये तर काही सुईणीही हे शिकून सोनोग्राफर होतात. सोनोग्राफर मापं घेते, चित्रं काढते. कवटीची रुंदी किती, मांडीचं हाड किती लांब, वार कुठे चिकटली आहे, पाणी किती आहे. मग तज्ज्ञ डॉक्टर ते पाहतो आणि निदान करतो. काही ठिकाणी अहवालसुद्धा तीच लिहिते.

म्हणजे आमची भोरची मुलगी जे म्हणत होती ते खोटं नव्हतं. असा अभ्यास जगात आहे. ती चुकली इतकंच, की तो अभ्यास भारतात करून तिला तो दांडा धरता येईल असं तिनं मानलं. आणि क्लासवाल्यांनी तिला तसं मानू दिलं.

आता आपल्याकडे काय झालं ते ऐका. इथे जरा मन घट्ट करावं लागतं.

१९७० च्या दशकात गर्भजल तपासणी भारतात आली. पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढायचं आणि बाळाला काही आनुवंशिक आजार आहे का ते तपासायचं, हा तिचा हेतू. त्यात मुलगा की मुलगी हेही कळतं, हे लोकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. १९७८ मध्ये सरकारी रुग्णालयांत लिंग तपासायला बंदी आली, तेव्हा धंदा खाजगी दवाखान्यांत गेला. आज थोडे पैसे घाला, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. नंतर सोनोग्राफी आली. सुईची भानगडच उरली नाही.

या विरुद्ध महाराष्ट्रात आवाज उठला. १९८५-८६ च्या सुमारास मुंबईत स्त्री संघटना, काही डॉक्टर, वैज्ञानिक, वकील यांनी मिळून मंच उभा केला. मोर्चे काढले, पथनाट्यं केली, आमदारांच्या मागे लागले. १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यानंतर १९९४ मध्ये संसदेनं सगळ्या देशासाठी कायदा केला आणि तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

लागू झाला, पण झोपून राहिला. मशीन वाढत गेली, मुली घटत गेल्या. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ उरल्या. २०११ मध्ये ८९४. गरीब, अडाणी भागात हे जास्त झालं असेल असं कुणाला वाटेल, पण तसं नाही. ज्या भागात ऊस, पैसा, रस्ते आणि दवाखाने, तिथेच आकडे जास्त घसरले.

मग २००० साली तीन जण सर्वोच्च न्यायालयात गेले. मुंबईची ‘सेहत’ ही आरोग्यावर अभ्यास करणारी संस्था, डॉ. साबू जॉर्ज, आणि आपल्या पुणे जिल्ह्यातली ‘मासूम’, म्हणजे महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ. मासूम १९८७ पासून पुरंदर तालुक्यातल्या गावांत बायकांबरोबर काम करते. पुरंदरच्या बायकांमध्ये काम करणारी संस्था दिल्लीच्या कोर्टात उभी राहून म्हणते की सरकारनं स्वतःचाच कायदा पाळावा, याचं आम्हाला फार अप्रूप आहे. न्यायालयानं ४ मे २००१ ला राज्यांना खडसावलं. गेल्या काही वर्षांत कुणाकुणाला मशीन विकली त्याच्या याद्या कंपन्यांकडून मागवल्या. कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००३ च्या फेब्रुवारीत नवा, कडक कायदा आला. गर्भधारणेच्या आधी लिंग निवडायच्या युक्त्याही त्यात बंद केल्या. आपण त्याला पीसीपीएनडीटी कायदा म्हणतो.

भोरच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर या कायद्यात आहे. सोनोग्राफी कुणी करायची, याची व्याख्याच त्यात केली आहे. मान्यताप्राप्त वैद्यकीय पदवी असलेली, किंवा सोनोग्राफी, रेडिओलॉजी यांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेली व्यक्ती. प्रत्येक मशीनची नोंदणी, प्रत्येक केंद्राची नोंदणी, आणि त्यावर बसणाऱ्या डॉक्टरचं नाव सरकारकडे. बाहेर पाटी हवी, की इथे गर्भलिंग सांगितलं जात नाही. प्रत्येक गरोदर बाईमागे ‘फॉर्म एफ’ भरायचा. त्यावर आपली सही असते, की मला मुलगा-मुलगी जाणून घ्यायची नाही. डॉक्टरचीही सही असते, की मी लिंग पाहिलेलं नाही आणि कुणाला कोणत्याही प्रकारे सांगितलेलं नाही. महिन्याच्या पाच तारखेच्या आत हे सगळं वर जातं. गुन्हा सिद्ध झाला तर पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तपासणी करून घ्यायला लावणाऱ्या नवऱ्याला, सासूलासुद्धा तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड पन्नास हजारांपर्यंत. गरोदर बाईला मात्र कायदा आधी दोषी धरत नाही. तिला घरच्यांनी भाग पाडलं असंच तो गृहीत धरतो. ही ओळ ज्यांनी कुणी कायद्यात घातली त्यांना आपली घरं ठाऊक होती.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण गटांत यात फार घोटाळा होतो. गर्भपात हा गुन्हा नाही. १९७१ पासून त्याचा वेगळा कायदा आहे आणि ठरलेल्या कारणांसाठी, ठरलेल्या मुदतीत तो बाईला करून घेता येतो. गुन्हा आहे तो लिंग तपासून मुलगी नको म्हणण्याचा. दोन्ही एकच समजून कुणी अडलेल्या बाईला दवाखान्यातून परत पाठवत असेल, तर ते चूक आहे.

कायद्याच्या अंमलबजावणीत ओढाताणही पुष्कळ झाली. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं यंत्र जोडलं. प्रत्येक तपासणीची नोंद त्यात साठायची. डॉक्टरांची संघटना याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, पण २०११ मध्ये न्यायालयानं ते ग्राह्य धरलं. पुण्यात २०१६ साली रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी संप केला. फॉर्ममधल्या बारीकसारीक चुकांसाठी आम्हाला गुन्हेगार ठरवतात, असं त्यांचं म्हणणं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की फॉर्म नीट न भरणं ही किरकोळ चूक नाही, कारण तो फॉर्म हाच या कायद्याचा कणा आहे. आम्हाला न्यायालयाचं म्हणणं पटतं. फॉर्म भरायचं काम करणारी आमची मुलगी म्हणूनच समजते तितकी बिनकामाची नाही.

तर दांडा डॉक्टरच्याच हातात राहिला, त्याचं कारण हे. ज्या मशीननं ग्लासगोतली बाई वाचवली, तेच इथे मुली मारायला वापरलं गेलं. ज्याच्याकडे गमावण्यासारखी पदवी आहे, त्याच्याच हातात मशीन द्यायचं, म्हणजे पकडायला माणूस राहतो, असा हिशोब.

यावर आमच्या आमच्यातच मतं जुळत नाहीत. आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, बरोबरच आहे. गावोगाव टेक्निशियन दांडा घेऊन फिरले असते तर काय झालं असतं, विचारसुद्धा नको. बाकीच्या म्हणतात, मुली मारल्या कुणी? शिकलेल्या, पदवीवाल्या लोकांनीच ना? मग शिक्षा खेड्यातल्या मुलीच्या नोकरीला का? जामखेडला डॉ. मेबल आणि रजनीकांत आरोळे यांनी १९७० पासून अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या कामात गावातल्या बायांनी नवजात बाळांना जंतुसंसर्गावरची इंजेक्शनं दिली आणि बाळं वाचवली. मग मापं घेणं का जमणार नाही? आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मशीन असतं, पण बसणारा डॉक्टर ठरावीक दिवशीच येतो, हे आपण पाहतोच. ज्या दिवशी तो नाही त्या दिवशी गरोदर बाई एसटीनं शहराला जाते. आम्हाला वाटतं, आजच्या घडीला कायदा सैल करू नये. पण हा दरवाजा कायमचा बंद आहे असंही मानू नये. २०२१ मध्ये संसदेनं आरोग्यक्षेत्रातल्या सहायक व्यवसायांसाठी नवा कायदा केला. त्याच्या यादीत रेडिओलॉजीच्या तंत्रज्ञांमध्ये सोनोग्राफर हे नाव लिहिलेलं आहे. नाव कागदावर आलं. पण गरोदर बाईच्या पोटावर मशीन कुणी लावायचं हे अजून पीसीपीएनडीटी कायदाच ठरवतो.

आता ज्यांच्या घरी बारावीची मुलगी आहे त्यांच्यासाठी सरळ सांगतो. सोनोग्राफी करायचीच असेल तर वाट डॉक्टरकीची. अकरावी-बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, मग नीट परीक्षा, मग एमबीबीएस. त्यात एका वर्षाची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. त्यापुढे रेडिओलॉजीत एम.डी. करायचं तर आणखी तीन. २०१४ च्या नियमांप्रमाणे एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचं, तीनशे तासांचं प्रशिक्षण घेऊन पोटाच्या सोनोग्राफीपुरतीही पात्रता मिळवता येते. पुण्यात ससूनचं बी. जे. महाविद्यालय आहे, आणि २०२२ पासून महापालिकेचं स्वतःचंही वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला, की मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या, वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुली सरकारी प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षणाला गेल्या तर त्यांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. कागदपत्रं वेळेत काढून ठेवा, उत्पन्नाचा दाखला शेवटच्या दिवशी मिळत नाही.

डॉक्टरकी नको किंवा जमणार नाही, तर एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय यांचं तंत्रज्ञ शिक्षण आहे. ते काम तंत्रज्ञ स्वतःच्या हातानं करतो, त्याला कायद्याची आडकाठी नाही. फक्त विद्यापीठाची किंवा शासनमान्य मंडळाची मान्यता आहे का, ते फी भरायच्या आधी कागदावर पाहा. ‘सोनोग्राफी शिकवतो आणि तुम्ही स्वतः सोनोग्राफी कराल’ असं कुणी म्हटलं, तर त्याला एकच विचारा, पीसीपीएनडीटी कायद्यात हे कुठे बसतं?

भोरची मुलगी आता एक्स-रेच्या पदवीला आहे. तिच्या आईचं पहिलं कर्ज अजून फिटायचं आहे, गटानं हप्ता लांबवून दिला. परवा ती केंद्रावर पेढे घेऊन आली होती. पहिला एक्स-रे तिनं एका आजीच्या मनगटाचा काढला म्हणे. मोडलेलं हाड तिला तिच्या सरांच्या आधी दिसलं.

पुढच्या गुरुवारी आपण फॉर्म एफ ओळीनं वाचणार आहोत. गटात कुणाकडे त्याची प्रत असेल तर समोर घेऊन बसा. नमस्कार.